जनाची लाज आणि कंपन्यांचें शील

मूल वाईट वागलें म्हणजे आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या तोंडीं एक वाक्य हटकून येतें : ‘जनाची नाहीं, तर मनाची तरी लाज बाळग.’ हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलेलें असतें कीं त्यांत गृहीत धरलेली गोष्ट आपल्या लक्षांतच येत नाहीं. जनांपासून माणूस लपूं शकतो, मनापासून लपूं शकत नाहीं. म्हणून जन सुटले तरी शेवटचा पहारेकरी म्हणून मन उरतें, असा या म्हणीचा भरंवसा आहे. आतां जिला मनच नाहीं अशा एखाद्या व्यक्तीशीं आपली गांठ पडली तर? आणि ती व्यक्ति पुष्कळशा राज्यांहून श्रीमंत, पन्नास देशांत पसरलेली, व आपल्या स्वयंपाकघरांतहि कोठल्या तरी डब्याच्या रूपानें येऊन बसलेली असेल तर? बहुराष्ट्रीय कंपनी ही अशी व्यक्ति आहे. कायदा तिला व्यक्ति म्हणतो. ती करार करते, जमीन घेते, फिर्याद लावते. परंतु जिला फटके मारावयास शरीर नाहीं आणि नरकांत धाडावयास आत्मा नाहीं, तिच्याकडून सदसद्विवेकाची अपेक्षा कशी करावी, असा एक जुना इंग्रजी टोमणा आहे. तो अजून शिळा झालेला नाहीं.

असें असूनहि आज कोणत्याहि मोठ्या कंपनीचा वार्षिक वृत्तांत उघडावा, तर नफातोट्याच्या कोष्टकांइतक्याच ऐटीनें ‘सामाजिक उत्तरदायित्वा’चें प्रकरण त्यांत मिरवत असतें. आम्ही बालमजुरी खपवून घेत नाहीं, आम्ही नद्यांचें पाणी नासवीत नाहीं, आमच्या पुरवठादारांच्या कारखान्यांवर आमची देखरेख असते, इत्यादि इत्यादि. हीं व्रतें कंपन्यांनीं केव्हां घेतलीं आणि कां घेतलीं, याचा माग काढूं लागलें म्हणजे बहुतेक प्रत्येक व्रताच्या मुळाशीं एखादा जगभर गाजलेला बोभाटा सांपडतो. तेव्हां प्रश्न असा पडतो कीं, बोभाट्याच्या पोटीं जन्मलेल्या या आचरणाला शील म्हणावें कीं नुसती सावधगिरी? आणि ती नुसती सावधगिरी असेल, तर शहाण्या माणसानें तिची किंमत किती करावी?

या प्रश्नाला एक अत्यंत थंड डोक्याचें उत्तर १९७० सालीं अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक अंकांत दिलें. कंपनीचा व्यवस्थापक हा भागधारकांचा नोकर आहे. त्यांचा पैसा तो आपल्या मनाच्या सत्कृत्यांवर खर्चूं लागला तर तो परक्याच्या पदरचें दान करतो. कंपनीचें एकच सामाजिक कर्तव्य, तें म्हणजे नफा वाढविणें, असा त्यांचा मथितार्थ. हें उत्तर आपल्या कानाला कठोर लागतें, पण तें फेंकून देण्याजोगें नाहीं. परभारें धर्म करणाऱ्याविषयीं आपल्याकडेहि फारसा आदर नसतो. मात्र फ्रीडमन यांनींच आपल्या सिद्धान्ताला एक कुंपण घातलें होतें : नफा मिळवावा, पण समाजाचा कायदा आणि समाजाचे रूढ नैतिक संकेत यांच्या मर्यादेंत. टीकाकार हें कुंपण विसरतात, आणि अनुयायी तर सोयीनें विसरतात. परंतु आमच्या मतें सारा प्रश्न त्या कुंपणाचाच आहे. हे संकेत ठरवितो कोण, आणि कंपनी नव्या देशांत, नव्या मालासह, नव्या गिऱ्हाइकापुढें उभी राहते तेव्हां ते अगोदरच तेथें लिहून ठेवलेले असतात काय? नसतात. ते भांडणांतून लिहिले जातात. एक भांडण जरा विस्तारानें सांगतों, म्हणजे हें कसें घडतें तें दिसेल.

१९७४ सालीं ‘वॉर ऑन वॉन्ट’ या ब्रिटिश संस्थेनें एक पुस्तिका काढली. तिचें नांव भयंकर होतें : ‘द बेबी किलर’. गरीब देशांत तान्ह्या मुलांच्या दुधाची भुकटी विकणाऱ्या कंपन्यांवर तिचा रोख होता. आरोप भेसळीचा नव्हता. भुकटी चांगलीच होती. आरोप असा कीं, जेथें स्वच्छ पाणी नाहीं, जळण महाग आहे, डब्यावरच्या सूचना वाचतां येत नाहींत, आणि डबा संपला तर दुसरा घ्यावयास पैसे नाहींत, अशा घरांत हें दूध जाहिरातीच्या जोरावर खपविलें जात होतें. परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या बाया प्रसूतिगृहांत जात, नमुन्याचे डबे फुकट देत. आणि ते डबे संपेपर्यंत आईचें अंगावरचें दूध आटूं लागे. मग ती आई त्या भुकटींत पाणी वाढवी. पाणी गढूळ असे. पुढचें सांगावयास नको.

स्वित्झर्लंडमधील कांहीं तरुणांनीं या पुस्तिकेचें जर्मन भाषांतर केलें, आणि नांव आणखी तिखट करून त्यांत सरळ नेस्ले कंपनीवर बालहत्येचा ठपका ठेवला. कंपनीनें अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९७६ सालीं बर्नच्या न्यायालयानें निकाल दिला तो मोठा मासलेवाईक आहे. हत्येचा शब्दशः आरोप सिद्ध होत नाहीं, म्हणून तेरा प्रतिवादींना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड झाला. पण त्याच वेळीं न्यायाधीशांनीं कंपनीला बजावलें कीं आपल्या जाहिरातीच्या पद्धतीचा मुळापासून फेरविचार करा. दावा जिंकला आणि लौकिक गेला! पुढच्याच वर्षीं, १९७७ सालीं, अमेरिकेंत नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. १९७८ सालीं अमेरिकन सिनेटच्या समितीपुढें कंपनीच्या प्रतिनिधीनें, हा बहिष्कार म्हणजे स्वतंत्र जगाच्या अर्थव्यवस्थेवरचा आडवळणाचा हल्ला आहे, अशी साक्ष दिली. चुकीच्या वेळीं चुकीच्या माणसानें केलेलें भाषण विरोधकांच्या दहा सभांचें काम करतें, त्यांतलाच हा प्रकार. १९८१ च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य परिषदेनें मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीं आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध एक अशा मतांनीं मंजूर केली. ते एक मत अमेरिकेचें होतें. सामान्य जनतेंत जाहिरात नको, मातांना फुकट नमुने नकोत, विक्रेत्यांनीं मातांना गांठावयाचें नाहीं, असे तिचे दंडक. पुढें नेस्लेनें बाहेरच्या माणसांचें तपासणी-मंडळ नेमलें, संहिता पाळण्याचें वचन दिलें, आणि १९८४ सालीं बहिष्कार उठला. वचन पाळलें जात नाहीं या तक्रारीवरून १९८८ सालीं तो पुन्हां पुकारला गेला. आपल्या देशानें १९९२ सालीं स्वतःचा कायदाच केला. आज हिंदुस्थानांतील दुधाच्या भुकटीच्या डब्यावर आईचें दूध सर्वोत्तम असल्याची सूचना असते आणि गुटगुटीत बाळाचें चित्र नसतें, तें त्या कायद्यामुळें. घरांत डबा उघडतांना ही हकीकत कोणाच्या ध्यानांत येत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्याहि आली नव्हती.

येथें कोणी जर्मन तत्त्वज्ञ कांट यांचा दाखला देईल. १७८५ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे : तो लहान मुलालाहि फसवीत नाहीं, कारण गिऱ्हाईक टिकावें असें त्याला वाटतें. त्याचें वागणें कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यबुद्धीनें केलेलें नाहीं; म्हणून त्याला नैतिक मोल नाहीं, असें कांट म्हणतात. माणसाच्या बाबतींत हें आम्हांस मान्य आहे. जांवई भीतीनें मुलीला चांगलें वागवितो असें कळलें तर कोणत्या बापाला समाधान होईल? परंतु कंपनीच्या बाबतींत हेतु शोधावयाचा तो कोठें? तिच्यांत माणसें आहेत, त्यांतलीं पुष्कळ सज्जन असतात. पण तीं बदलतात, निवृत्त होतात, दुसऱ्या कंपनींत जातात. तिच्या आंत डोकावून पाहिलें तर ठराव, करार आणि हिशेब एवढेंच दिसतें. तेव्हां हिचें मन शुद्ध आहे काय, हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. बोभाटा थांबल्यावर काय शिल्लक राहिलें, हा विचारावा. नेस्लेच्या भांडणांतून एक संहिता आणि कित्येक देशांचे कायदे शिल्लक राहिले. म्हणून तें भांडण फुकट गेलें नाहीं, इतकें आम्ही म्हणतों. कंपनी सुधारली असें म्हणत नाहीं.

मात्र जनाच्या लाजेनें घडलेल्या धोरणाचा एक दोष आहे, आणि तो वरवरचा नाहीं. असें धोरण ज्या भांडणांतून जन्मतें त्याच भांडणाचा आकार घेतें. जेथें दिव्याचा झोत पडला तेवढाच कोपरा झाडला जातो.

१९९६ सालीं ‘लाइफ’ मासिकांत एक छायाचित्र आलें. पाकिस्तानांतला एक मुलगा नायकी कंपनीचें चिन्ह असलेला फुटबॉल शिवीत बसला होता. त्या काळीं जगांतले हातशिलाईचे बहुसंख्य फुटबॉल सियालकोट आणि आसपासच्या खेड्यांतून तयार होत. अमेरिकेंत गहजब झाला. १९९७ च्या फेब्रुवारींत अटलांटा येथें व्यापारी संघ, आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आणि युनिसेफ यांच्यांत करार झाला, आणि शिलाईचें काम घरांतून काढून देखरेखीखालच्या केंद्रांत नेण्याचें ठरलें. मुलें कामावरून उठलीं हें चांगलेंच झालें. पण घरांत बसून चेंडू शिवणाऱ्या त्यांच्या आयांचें काय? त्या भागांतल्या कित्येक बायांना परपुरुषांच्या सोबतीनें केंद्रांत जाऊन बसण्याची मोकळीक नव्हती. त्यांचें काम गेलें, व त्याबरोबर घरांत येणारा पैसाहि गेला. छायाचित्रांत मूल होतें, आई नव्हती. म्हणून धोरणांत मूल आलें, आई आली नाहीं. १९९८ च्या मे महिन्यांत नायकीचे प्रमुख फिल नाइट यांनीं वॉशिंग्टन येथें जाहीर कबुली दिली कीं आपल्या कंपनीचें नांव गुलामीच्या मजुरीशीं आणि सक्तीच्या जादा कामाशीं समानार्थी होऊन बसलें आहे. आणि कामगारांच्या किमान वयाचे व कारखान्यांतील हवेचे नवे नियम त्यांनीं सांगितले. ही कबुली प्रामाणिक नव्हती असें म्हणण्याचें आम्हांस कारण नाहीं. २००५ सालीं कंपनीनें आपला माल बनविणाऱ्या कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली, हें तर भाषणाहून मोठें काम होतें. कारण यादी हातीं असली म्हणजे परक्यालाहि दार ठोठावतां येतें.

याच दोषाचें सर्वांत दारुण उदाहरण ढाक्याजवळच्या सावार येथील राणा प्लाझा या इमारतीचें. २०१३ च्या एप्रिलच्या २४ तारखेस ती आठ मजली इमारत कोसळली, आणि ११३४ माणसें मेलीं. बहुतेक शिवणकामगार; त्यांत बायका पुष्कळ. आदल्या दिवशीं भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक व दुकानें बंद झालीं. वरच्या मजल्यांवरच्या कामगारांना दुसऱ्या दिवशीं कामावर बोलावलें गेलें. या इमारतींतल्या दोन कारखान्यांची सामाजिक तपासणी, युरोपांतल्या व्यापाऱ्यांनीं ठरविलेल्या नमुन्याप्रमाणें, अगोदर झालेली होती! तपासनीसाच्या यादींत मुलांच्या वयाचा प्रश्न होता, कामाच्या तासांचा होता. इमारतीचे खांब मजबूत आहेत काय, हें तपासणें त्या तपासणीच्या कक्षेंत नव्हतें. तसा खुलासाहि मागाहून झाला. आम्ही हें वाचलें तेव्हां प्रथम संताप आला, आणि मग लक्षांत आलें कीं यादी लिहिणाऱ्यांनीं मागच्या भांडणांनीं जें शिकविलें तेंच विचारलें होतें. खांबांविषयीं अजून कोणी भांडलें नव्हतें. खरें म्हणजे हेंहि पुरतें खरें नाहीं. कामगार संघटनांनीं बांगलादेशांतल्या कारखान्यांच्या सुरक्षिततेविषयींचा एक करार दोनएक वर्षें आधींपासून कंपन्यांपुढें धरला होता. त्यावर दोनच कंपन्यांनीं सही केली होती. इमारत कोसळल्यावर थोड्याच आठवड्यांत सह्यांची रीघ लागली, आणि कालांतरानें त्या दोनशेंहून अधिक झाल्या. हा करार कायद्यानें बांधणारा होता, हें त्याचें वैशिष्ट्य. कागद तोच होता. पण सहीसाठीं इतकीं माणसें मरावीं लागलीं.

आणि बोभाटा तरी न्यायी असतो काय? आपल्या परंपरेंत लोकापवादाची सर्वांत प्रसिद्ध कथा सीतेची आहे, आणि तींत लोक चुकले होते. १९९५ सालीं शेल कंपनी उत्तर समुद्रांतली ब्रेंट स्पार नांवाची तेल साठविण्याची जुनी टांकी अटलांटिक महासागरांत बुडविणार होती. ग्रीनपीसच्या माणसांनीं त्या टांकीवर ठाण मांडलें. जर्मनींत लोकांनीं शेलच्या पंपांकडे पाठ फिरविली. आणि जूनमध्यें कंपनीनें हात टेंकले. पुढें टांकींत उरलेल्या तेलाविषयींचा आपला अंदाज चुकला होता, अशी कबुली देऊन ग्रीनपीसनें क्षमा मागितली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत नायजेरियाच्या लष्करी सरकारनें ओगोनी लोकांचे पुढारी, लेखक केन सारो-विवा यांना आठ साथीदारांसह फांशीं दिलें. शेलच्या तेलविहिरींनीं आपली जमीन नासली, ही ओगोनींची तक्रार होती. १९९७ सालीं शेलनें आपलीं व्यवसायतत्त्वें सुधारून त्यांत मानवी हक्कांचा उल्लेख घातला, तो या दोन्ही भांडणांनंतर. तत्त्वें जशीं आहेत तशीं चांगलीं आहेत. पण कंपनीला कांहीं आठवड्यांत नमविलें तें एका टांकीनें, ओगोनींच्या कित्येक वर्षांच्या आक्रोशानें नव्हे. टांकीसाठीं भांडणारे तिचें गिऱ्हाईक होते, ओगोनी नव्हते. जनाची लाज म्हणजे सर्व जनांची लाज नसून ज्या जनांच्या खिशांत पैसा आहे त्यांचीच लाज, ही गोष्ट यांतून जितकी उघडी पडते तितकी दुसऱ्या कशानें पडत नाहीं.

भोपाळविषयीं हेंच म्हणावें लागतें. १९८४ च्या डिसेंबरांतल्या त्या रात्रीनंतर रासायनिक कारखानदारांनीं ‘रिस्पॉन्सिबल केअर’ नांवाची आचारसंहिता घेतली. कॅनडांत १९८५ सालीं, अमेरिकेंत १९८८ सालीं. अमेरिकेनें १९८६ सालीं कायदा करून आपल्या नागरिकांना शेजारच्या कारखान्यांत कोणतीं विषें सांठविलीं आहेत हें जाणण्याचा हक्क दिला. हे सारे लाभ खरे आहेत. भोपाळकरांच्या वाट्याला १९८९ सालची ४७ कोटी डॉलर्सची तडजोड आली. आणि त्या कारखान्याच्या आवारांतला सुमारें ३३७ टन विषारी कचरा तेथून हलून पीथमपूरला गेला तो २०२५ च्या जानेवारींत, चाळीस वर्षांनीं. मृत्यु एका गांवाचा, आणि त्यापासून मिळालेलें शहाणपण दुसऱ्याच गांवाचें.

कोणी म्हणेल, मग कंपन्यांनीं भांडणाची वाट न पाहतां आपण होऊनच तत्त्वें जाहीर करावीं. तसेंहि झालेलें आहे, आणि आपल्या कोंकणानें तें पाहिलें आहे. गुहागर तालुक्यांत दाभोळची वीज उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीच्या ब्रीदावलींत आदर आणि सचोटी हे दोन शब्द ठळक होते. वेलदूर-अंजनवेलच्या विरोध करणाऱ्या गांवकऱ्यांना पोलिसांनीं मारहाण केली, व त्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती, असा ठपका ‘ह्यूमन राइट्स वॉच’नें १९९९ च्या अहवालांत ठेवला. कंपनीनें तो मानला नाहीं. ब्रीदावली होती तशीच राहिली, आणि २००१ च्या डिसेंबरांत हिशेबांतल्या लबाडीनें कंपनीचेंच दिवाळें वाजलें. कोणीहि न भांडतां लिहिलेलें शील हें असें असूं शकतें.

आपल्या सरकारनें तिसरीच वाट काढली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत पोंचतो, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत असें ठरलें. १ एप्रिल २०१४ पासून तें लागू झालें. त्यांतून शाळा निघाल्या, दवाखाने चालले. त्यांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण एक बारकावा पाहावा. कंपनीच्या नेहमींच्या व्यवसायाचा भाग असलेलें कोणतेंहि काम या दोन टक्क्यांत धरलें जात नाहीं. हिशेबाच्या दृष्टीनें तें योग्यच. नाहीं तर प्रत्येकजण आपला धंदाच समाजकार्य म्हणून दाखवील. परंतु परिणाम असा होतो कीं उत्तरदायित्व म्हणजे कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा दानधर्म, अशी समजूत रूढ होते. कुंपणाच्या आंतले कंत्राटी मजूर, मागच्या दारानें ओढ्यांत जाणारें पाणी, हीं त्या हिशेबांत येतच नाहींत. आपल्या शास्त्रकारांनीं दान आणि प्रायश्चित्त हीं दोन प्रकरणें निराळीं ठेविलीं होतीं. आम्ही तीं एकत्र शिवलीं.

म्हणून बोभाट्याविषयीं आमचें मत असें झालें आहे : तो आंधळा आहे, उशिरा येतो, आणि गिऱ्हाइकाकडे तोंड करून ओरडतो; तरी तूर्त त्याच्याजागीं बसवावयास आमच्यापाशीं दुसरें कांहीं नाहीं. म्हणीची ओळ कंपन्यांपुरती उलटी वाचावी लागते : मनाची नाहीं, तर जनाची तरी. आणि जन म्हणजे कोणी तिसरे नव्हेत. डबा विकत घेणारे आपणच.

त्या डब्याची हकीकत अजून पुरी व्हावयाची आहे. २०२४ च्या एप्रिलमध्यें ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेनें नेस्लेच्या बालान्नाची तपासणी प्रसिद्ध केली. हिंदुस्थानांत विकल्या जाणाऱ्या, तपासलेल्या सर्व सेरेलॅकमध्यें प्रत्येक वाढीमागें सरासरी सुमारें तीन ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली. कंपनीनें उत्तर दिलें कीं आपण येथील कायदा पाळतों, आणि गेल्या पांच वर्षांत साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. दोन्ही गोष्टी खोट्या म्हणतां येत नाहींत. बोभाटा झाला, सरकारी चौकशीची भाषा सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत साखर न घातलेले नवे प्रकार बाजारांत आणल्याचें कंपनीनें जाहीर केलें. जर्मनी आणि ब्रिटन येथें सहा महिन्यांच्या बाळांसाठीं विकल्या जाणाऱ्या तशाच डब्यांत ती साखर एप्रिलांतहि नव्हती.